कासच्या मामांना, एका काडीबद्दल

मामा, नमस्कार.

तुमचं नाव विचारायचं राहून गेलं, त्याची चुटपुट अजून आहे. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यातली मंगळवारची सकाळ. गळ्यात शिट्टी, डोक्यावर खताच्या पोत्याची खोळ घेऊन तुम्ही पठारावर उभे होतात. मी सांगलीहून आलेली, कॅमेरा प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून छातीशी धरलेली बाई. आटाळी, एकीव, कासाणी, कास, यातल्या कुणाच्या तरी मोबाइलवर हे पत्र पोचेल आणि खुणेवरून तुम्हीच ते ओळखाल, या आशेवर लिहिते आहे.

माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणतो, जीवशास्त्राचे शिक्षक होते. कीटकभक्षी वनस्पतींचा धडा आला की ते फळ्यावर सीतेच्या आसवांचं चित्र काढायचे. वर निळंजांभळं फूल, खाली ओल्या मातीत बारीक बारीक फुगे. फुग्याच्या तोंडाला झडप, झडपेवर केस. किड्याचा धक्का केसाला लागला की झडप आत उघडते आणि पाण्यासकट किडा आत ओढला जातो. एवढ्या नाजूक फुलाला किडे का खावे लागतात, हे ते दरवर्षी पोरांना विचारायचे आणि उत्तरही स्वतःच सांगायचे: जांभ्या खडकावर मातीचा पातळ थर, त्यात नत्र अगदी कमी, मग ते कुठून तरी मिळवायलाच हवं. मीही त्याच वर्गात बसून हे ऐकलंय. पण हे फूल त्यांनी स्वतः जवळून कधी पाहिलं नव्हतं. सांगली ते कास काही फार लांब नाही, तरी आयुष्यभर जमलं नाही. शाळा, मग आईचं आजारपण.

गेल्या वर्षी नेलं होतं मी त्यांना. ते कसं झालं, हे तुम्हाला सांगायलाच हवं, त्याशिवाय तुम्ही काय केलंत ते तुम्हाला कळणार नाही. ज्याने सगळी व्यवस्था करतो म्हणून पैसे घेतले, त्याने आम्हाला रविवारी भर दुपारी तिथे आणलं. रोजची ३००० माणसांची मर्यादा त्याला माहीत होती, तरी पास काढलेलेच नव्हते. दादांचे गुडघे दुखत होते, ते गाडीतच बसले. मी चिडले, तसा तो म्हणाला, “फूलच बघायचंय ना? आणतो की.” आणि कुठून तरी मूठभर सीतेची आसवं उपटून आणून त्याने दादांच्या हातात ठेवली. खालच्या फुग्यांना माती तशीच होती. यवतेश्वरचा घाट उतरेपर्यंत ती मान टाकून बसली. दादा फक्त एवढंच म्हणाले, “फुग्यांसकट काढलीत गं.” नंतर सांगलीपर्यंत ते बोलले नाहीत. ती मूठ त्यांनी रुमालात गुंडाळून घरी आणली आणि कुंडीत पुरली. जगणार नाहीत हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं.

या मे महिन्यात ते पडले, खुब्याचं हाड मोडलं. आता खाटेवरच असतात. म्हणून मी एकटी आले, निदान फोटो तरी नीट न्यावा म्हणून.

तुम्ही मला वाट सोडून एक पाऊल टाकू दिलं नाहीत. मला आधी रागच आला. आत केवढा गालिचा पसरला होता, गेंदाची पांढरी बोंडं, तेरड्याचा गुलाबी, मधूनच सोनकीचा पिवळा, आणि तुम्ही म्हणता इथूनच काढा. मग कशाला आलात हे तुम्ही विचारलंत. मी सांगितलं. तुम्ही काही न बोलता पुढे चालायला लागलात, वाटेच्या कडेला एका कातळाशी थांबलात, डोक्यावरची खोळ काढून कातळावर अंथरलीत. “आता पालथं पडा ताई, म्हंजी फुलाच्या तोंडाम्होरं याल.” पाऊस भुरभुरत होता, तुमचं डोकं भिजत होतं.

वीसेक फोटो काढले. तुम्ही मागून वाकून स्क्रीनवर पाहिलंत आणि म्हणालात, “फोटूत समदं मोठंच दिसतंय. मास्तरास्नी माप कसं कळायचं?”

मग खिशातून काडीपेटी काढलीत. एक काडी घेऊन, टोकाशी दोन बोटांत धरून, फुलाशेजारी उभी केलीत. दांड्याला लागू दिली नाहीत, पाकळीला लागू दिली नाहीत. माझं फोकस जमेना, वाऱ्याने फूल डुलत होतं, आणि तुम्ही श्वास रोखून तशीच काडी धरून उकिडवे बसलात. फोटो झाला. काडी पुसलीत, परत पेटीत ठेवलीत. तिथे काडीसुद्धा टाकली नाहीत.

मामा, मी इतक्या वर्षांत इतके फोटो काढले, पण फोटो कोण बघणार आहे, त्याला त्यातून काय कळायला हवं, हा विचार मला कधी सुचला नव्हता. न पाहिलेल्या, खाटेवरच्या माणसाची तुम्ही काळजी केलीत. २०१९ च्या पुरात आमच्या गल्लीत वाळव्याकडच्या गावांतून भाकऱ्या आल्या होत्या. प्रत्येक चवडीत चटणीची पुडी वेगळी बांधलेली, ओल लागून भाकरी खराब होऊ नये म्हणून. ती पुडी बांधणारी बाई मला कधी दिसली नाही, पण त्या दिवशी कातळावर पडल्या पडल्या मला तिचीच आठवण आली. पोट भरायला भाकरीच पुरली असती. त्यापुढचा विचार करणारी माणसं आहेत, आणि ती आपल्या जिल्ह्या-दोन जिल्ह्यांतच आहेत, याचा मला फार आधार वाटतो.

घरी येऊन मोठी प्रिंट काढली. दादांनी चष्मा लावला, बराच वेळ पाहिलं, मग घरातली काडीपेटी मागितली. काडी हातात घेऊन तिच्यावर अंगठ्याच्या नखाने खूण केली. “काडीच्या चौथ्या हिश्शाएवढं फूल. मी फळ्यावर वीतभर काढत होतो.” आणि हसले. मे महिन्यानंतर मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. मग कडेला बोट ठेवून म्हणाले, “ही बोटं कुणाची?”

तुमची दोन बोटं फोटोत आलीत. नखात माती, अंगठ्याला चीर. दुकानदार म्हणाला, कापून देतो. मी नको म्हटलं.

त्या दिवसापासून प्रिंट त्यांच्या खाटेशेजारच्या भिंतीवर आहे. येणाऱ्या प्रत्येकाला ते आधी काडी दाखवतात, मग फूल, मग तुमची बोटं. तुमच्यासाठी दुसरी प्रत काढून लॅमिनेट करून घेतली आहे, पावसात भिजायला नको. मागच्या बाजूला दादांनी थरथरत्या हाताने फुलाचं शास्त्रीय नाव लिहिलंय, त्याखाली मराठी नाव, आणि त्याखाली तुमच्या नावासाठी जागा सोडली आहे. पुढच्या सप्टेंबरात, मधल्या वारी सकाळी, घेऊन येते.

तुमची,
मास्तरांची मुलगी, सांगली