नमुना पहाटे घ्या आणि तळापर्यंतचा घ्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळ्यात उजनी धरणाचे पाणी हिरवे पडले की बातम्या येतात, काठावरून बाटली भरून तपासणीला जाते आणि चर्चा मैलापाण्यापाशी संपते. पुणे व पिंपरी-चिंचवडचे मैलापाणी मुळा-मुठा, पवना, इंद्रायणीतून भीमेत आणि तिथून उजनीच्या फुगवट्यात उतरते, हे खरेच आहे. त्यावर पूर्ण प्रक्रिया झालीच पाहिजे. पण त्यातून आलेल्या फॉस्फरसचे जलाशयात पुढे काय होते हे बरेचसे पाण्याच्या तापमानावर ठरते, आणि ते काठावरच्या बाटलीत दिसत नाही. म्हणून आमची मागणी एकच आहे: मोठ्या जलाशयांची मोजणी पहाटे, तळापर्यंत आणि प्लवकांसह (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म वनस्पती व प्राणी) व्हावी.

उष्ण प्रदेशातल्या तलावाला एका अंशाची वाढ थंड देशातल्या तलावापेक्षा जास्त भोवते. पाणी ४ वरून ५ अंश सेल्सिअसवर गेले तर घनमीटरमागे जेमतेम ८ ग्रॅमने हलके होते. २९ वरून ३० वर गेले तर सुमारे ३०० ग्रॅमने. त्यामुळे एप्रिल-मेमध्ये वरचे तापलेले पाणी झाकणासारखे बसते आणि वाऱ्याला ते ढवळता येत नाही. खाली मेलेले शेवाळ कुजते, ऑक्सिजन संपतो. मुळात गरम पाण्यात तो मावतोही कमी: २० अंशांना लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसात. तळाचा ऑक्सिजन संपला की गाळात लोहाने धरून ठेवलेला फॉस्फरस सुटतो. म्हणजे मैलापाणी उद्या पूर्ण थांबले, तरी गाळ पुढची कित्येक वर्षे जलाशयाला खत पुरवत राहू शकतो.

अशा निवांत, गरम पाण्यात मायक्रोसिस्टिस या नील-हरित शेवाळाचे फावते. त्याच्या पेशींत वायूच्या सूक्ष्म पोकळ्या असतात, त्यामुळे ते वर तरंगते. डायटम हे काचेसारख्या कवचाचे जड शेवाळ मात्र खाली बसते. मायक्रोसिस्टिसचे चिकट पुंजके प्राणी प्लवकांना गिळता येत नाहीत. डॅफ्नियासारखे मोठे प्राणी प्लवक कमी होतात, बारीक रोटिफर उरतात आणि माशांच्या पिल्लांचे खाद्य घटते. प्लवक मोजायचे ते यासाठी. रासायनिक आकडे त्या घटकेचे असतात, प्लवकांची यादी मागच्या कित्येक आठवड्यांचा हिशेब सांगते.

पहाटेचा आग्रह का? हिरव्या पाण्यात दुपारी प्रकाशसंश्लेषण जोरात असते आणि ऑक्सिजन लिटरला १२ मिलिग्रॅमच्याही वर जाऊ शकतो. कागदावर तो तलाव उत्तम ठरतो. रात्रभर तेच शेवाळ ऑक्सिजन खाते. त्यात आभाळ भरून आले, वळवाच्या पावसाने वरचे पाणी गार होऊन थर मोडला आणि तळाचे प्राणवायूहीन पाणी वर आले, की दुसऱ्या दिवशी काठावर मेलेले मासे दिसतात. दुपारच्या नमुन्यात याची चाहूलही लागत नाही.

पद्धत अवघड नाही. भिंतीजवळ सर्वांत खोल जागी एक आणि फुगवट्यात एक अशी दोन ठिकाणे तरंगती खूण टाकून कायमची ठरवावीत. दर १५ दिवसांनी सूर्योदयापूर्वी आणि दुपारी, तापमान व ऑक्सिजन पृष्ठभागाखाली अर्ध्या मीटरवर आणि पुढे दर मीटरला तळापर्यंत मोजावा. त्या दिवशीची जलपातळी नोंदवलीच पाहिजे. उजनीचा एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी, त्यातला निम्म्याहून अधिक मृतसाठा. पाणी वजा पातळीत, म्हणजे मृतसाठ्यात, गेल्यावरचे दहा मीटर आणि भरल्या धरणातले दहा मीटर एक नव्हेत. पारदर्शकतेसाठी २० सेंटिमीटरची काळी-पांढरी सेकी तबकडी पुरते, पण ती भर उन्हात, नावेच्या सावलीच्या बाजूने सोडावी.

चुका बहुधा ठरलेल्या जागी होतात. दोरीने बूच ओढून भरायच्या वजनदार बाटलीत पाणी शिरताना हवेचे बुडबुडे उठतात आणि ऑक्सिजन वाढीव येतो. त्यासाठी दोन्ही तोंडे उघडी राहून खाली गेल्यावर मिटणारी बाटलीच हवी. प्राणी प्लवकांसाठी जाळे चालते: ३० सेंटिमीटर तोंडाचे जाळे दहा मीटर वर ओढले तर सुमारे ७०० लिटर पाणी गाळले जाते, मात्र भोके तुंबली तर प्रत्यक्षात कमी. वनस्पती प्लवकांसाठी जाळे वापरू नये, बारीक पेशी निसटतात. न गाळलेले पाणी घेऊन, नमुना टिकावा म्हणून, त्यात फिक्या चहाचा रंग येईपर्यंत ल्यूगोल आयोडीन घालावे आणि बाटली अंधारात ठेवावी. मायक्रोसिस्टिस या नमुन्यातही तरंगत राहते, तळाला बसत नाही, आणि मोजणारा ते कमी मोजतो. सिरिंजमध्ये दाब देऊन वायूच्या पोकळ्या आधी फोडल्या की ही चूक टळते.

हवामानबदलाविषयी बोलायचे तर एका उन्हाळ्याचे आकडे पुरत नाहीत. रशियात बैकल सरोवरावर मिखाईल कोझोव्ह यांनी १९४५ मध्ये दर सात-दहा दिवसांनी नमुने घ्यायला सुरुवात केली. पुढे त्यांची मुलगी आणि मग नात यांनी ते काम चालू ठेवले. या नोंदींमुळेच १९४६ पासून तिथले पृष्ठभागाचे पाणी १.२१ अंशांनी तापल्याचे आणि प्लवकांची रचना बदलल्याचे २००८ मध्ये दाखवता आले. २०२१ मध्ये ३९३ तलावांच्या अभ्यासात १९८० पासून खोल पाण्यातला ऑक्सिजन १८.६ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. ते तलाव समशीतोष्ण प्रदेशातले होते. आपल्याकडे अशा नोंदी आज सुरू केल्या, तर वीस वर्षांनी बोलता येईल. उपकरण किंवा जाळे बदलले, तर वर्षभर जुने-नवे दोन्ही चालवावे, नाहीतर उपकरणातला फरक हवामानाच्या नावावर जमा होतो.

तोवर या मोजणीचा रोजचा उपयोग पाणीपुरवठ्याला आहे. हिरवी साय वर असेल तेव्हा काही मीटर खालून पाणी उचलावे. फार खालून उचलले तर मँगनीज आणि दुर्गंधी येते. नेमकी खोली तापमान-ऑक्सिजनच्या आलेखावरूनच कळते. मोरचूद टाकून किंवा सुरुवातीलाच भरपूर क्लोरीन देऊन शेवाळ मारले, तर पेशी फुटून मायक्रोसिस्टिन हे विष पाण्यात उतरते, आणि ते उकळल्याने जात नाही. अमेरिकेतल्या टोलेडो शहरात ऑगस्ट २०१४ मध्ये ईरी सरोवरातल्या याच विषामुळे सुमारे चार लाख लोकांना नळाचे पाणी पिऊ नका, असे सांगावे लागले होते. पेशी आधी अखंड काढाव्यात आणि क्लोरीन नंतर द्यावे.

पाण्याचे आकडे जाहीर करताना प्रत्येक आकड्यापुढे नमुन्याची वेळ, खोली आणि जलपातळी छापावी, एवढे तर येत्या उन्हाळ्यापासूनच करता येईल.

आपले,
गोड्या पाण्याच्या परिसंस्थांचे अभ्यासक, सोलापूर