माग थांबवणाऱ्याची मजुरी कापू नका

मा. संपादक,

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात मी सतरा वर्षं चेकिंगला आहे. टॉवेल टेबलावर पसरून तळहात फिरवला की गेलेली तार नजरेआधी बोटांना कळते.

गेल्या वर्षी मालकांनी गुणवत्ता सुधारणेचा कार्यक्रम सुरू केला. सल्लागार आले, भिंतींवर तक्ते लागले, दर आठवड्याला क्वालिटी सर्कलची बैठक होऊ लागली. आम्ही मनापासून बसलो. तरी सेकंडचा, म्हणजे खोट असलेला, माल फारसा घटला नाही.

आमच्याकडे मागावर नगाप्रमाणे मजुरी आहे. ताण्याची, म्हणजे उभ्या धाग्याची, तार तुटली की माग थांबवायचा, तार मागाच्या वहीतून-फणीतून (धागे ओवायच्या भागांतून) ओवायची, गाठ मारायची. तेवढ्या वेळाचे नग बुडतात. खराबी निघाली तर दंड आहेच, पण नग बुडणं लगेच अंगावर येतं. म्हणून कामगार माग चालूच ठेवतो, आणि ती रेघ टॉवेलभर पडून माझ्या टेबलावर येते. तो कामचुकार नाही, त्याला घर चालवायचं आहे.

सल्लागार सारखं टोयोटाचं नाव घ्यायचे. पण त्या घराण्याचे साकिची टोयोडा मूळचे मागवाले. तार तुटताच आपोआप थांबणारा माग त्यांनी केला. 1924 चा त्यांचा ‘जी’ माग प्रसिद्ध आहे. मोटारी नंतरच्या. चूक दिसली की काम थांबवा, ही शिकवण मागावरचीच आहे! आमच्या जुन्या मागांना ती सोय नाही. तिथे माणसानेच थांबवायचं, आणि भुर्दंडही त्यालाच.

तेलाच्या डागांचं मात्र वेगळं घडलं. डागाचे टॉवेल मी खडूने माग नंबर घालून बाजूला ठेवू लागले. या टॉवेलांवर दंड लावायचा नाही, हे सुपरवायझरांकडून आधीच कबूल करून घेतलं होतं, म्हणून कोणी नंबर पुसले नाहीत. पंधरा दिवसांत दिसलं की बहुतेक डाग चारच मागांचे. जॉबरनी (माग दुरुस्त करणाऱ्यांनी) जाऊन पाहिलं, तर तेल घातल्यावर पुसायला तिथे चिंधीच नव्हती. चिंध्या दिल्या, डाग जवळजवळ बंद झाले.

कारखानदारांना माझी कळकळीची विनंती आहे. तार जोडायला लागलेल्या वेळेची मजुरी धरा, दंडाची वही बंद करा. सगळीकडे नको, एकाच शेडमध्ये तीन महिने करून पाहा. सेकंडचा माल मोजायला आम्ही चेकिंगच्या बायका आहोतच.

– चेकिंग विभागातील एक कामगार, अशोक चौक, सोलापूर
(कृपया नाव छापू नये.)