रानमेव्याचा द्रोण आणि आनंद दिन

महोदय,

20 मार्च हा आंतरराष्ट्रीय आनंद दिन. भूतानच्या पुढाकाराने संयुक्त राष्ट्रसंघाने 2012 साली तसा ठराव केला आणि 2013 पासून तो साजरा होतो. कल्पना छानच आहे. फक्त शुभेच्छांचे फोटो इकडून तिकडे पाठवून तो उरकू नये, असं मनापासून वाटतं.

आपल्या बेळगावात आनंदाला काय कमी आहे? उन्हाळ्यात खानापूर, जांबोटीकडच्या बायका बुट्ट्या घेऊन बाजारात बसतात. पानाच्या द्रोणात काळीभोर करवंदं, आणि पैसे घेतल्यावर वरून टाकलेली आणखी मूठभर. एक गिऱ्हाईक मराठीत भाव विचारतं, दुसरं कन्नडमध्ये; मावशी दोघांशीही तितक्याच हसून बोलते. दुपारी वळीव आला की गारा वेचायला नातवंडांबरोबर आजीही अंगणात उतरते. आणि आपला कुंदा! दूध आटवून आटवून केलेला तो तपकिरी, रवाळ घास जिभेवर विरघळू द्यावा, घाईने गिळू नये.

सुट्टीतही मुलांना क्लासमध्ये अडकवणाऱ्या पालकांना माझी कळकळीची विनंती आहे, त्यांना एकदा तरी करवंदीच्या जाळीपर्यंत न्या. काटे टोचतील, बोटांना चीक लागेल. लागू दे.

संपादकांनाही एक सुचवावंसं वाटतं. अपघात, आंदोलनांच्या बातम्या हव्यातच, पण वाचकांनी कळवलेल्या अशा साध्या आनंदांसाठी रोज चार ओळींची जागा द्यावी. मजकूर आम्ही पाठवू.

– एक वाचक, शहापूर, बेळगाव