साकव कोसळण्याआधी पैसे द्या

माननीय सार्वजनिक बांधकाम मंत्री,
गोवा सरकार.

सप्रेम नमस्कार.

मांडवीवरचा अटल सेतू आणि नवा झुआरी पूल झाल्याने रोज नोकरीला जाणाऱ्यांचा किती वेळ वाचला, हे कुणालाही विचारा. ते काम चांगलेच झाले. मला लिहायचे आहे ते उद्घाटन होऊन कित्येक वर्षे उलटलेल्या लहान पुलांविषयी, गावोगावच्या साकवांविषयी.

आमच्या वाड्यावरचाच साकव घ्या. खालून काँक्रीट सुटून सळ्या उघड्या पडल्या आहेत, बोट लावले तरी गंजाचे पापुद्रे निघतात. कठड्याचा एक खांब गेल्या पावसात ओहोळाने नेला, तिथे लोकांनी पोफळीचा सोट आडवा बांधला आहे. शेजारून नळाची वाहिनी जाते. तिच्या सांध्यातून रात्रंदिवस पाणी गळते आणि तेच पाणी साकवात मुरते. याच वाटेने मुले शाळेला जातात. चौकशी करावी तर या कार्यालयातून त्या कार्यालयात पाठवतात आणि शेवटी उत्तर एकच: अंदाजपत्रक केलेय, निधी आला की बघू.

दुर्लक्षाची किंमत गोव्याने आधीच मोजली आहे. मांडवीवरचा पहिला पूल 5 जुलै 1986 रोजी कोसळला, तेव्हा त्याला वीस वर्षेही झाली नव्हती. खारी हवा आणि आमचा पाऊस लोखंडाला सोडत नाही. पुढे 1992 मध्ये दुसरा पूल होईपर्यंत माणसे फेरीबोटीच्या रांगेत उभी राहिली. मे 2017 मध्ये कुडचडे-सावर्डे येथील पोर्तुगीजकालीन पदपूल बघ्यांच्या गर्दीसह नदीत गेला. तो वापरासाठी बंद होता, पण पाडलेला नव्हता. ऑगस्ट 2019 मध्ये खांडेपारला ओपा जलशुद्धीकरण प्रकल्पाची जलवाहिनी फुटली आणि फोंडा-तिसवाडीतले नळ कित्येक दिवस कोरडे पडले.

पैशांची अडचण खरी आहे, हे मला मान्य आहे. 15व्या वित्त आयोगाने 2021-26 साठी केंद्रीय करांत गोव्याचा हिस्सा 0.386 टक्के ठरवला, म्हणजे राज्यांना वाटायच्या शंभर रुपयांतले 39 पैसेसुद्धा नव्हते. राज्य लहान, म्हणून वाटा लहान. पण 2024 मध्ये इथे एक कोटीहून जास्त पर्यटक येऊन गेले. रस्ता, पाणी, गटार त्यांनीही वापरलेच ना? दिल्लीत हे ठणकावून सांगत राहा, आम्ही तुमच्या पाठीशी आहोत.

मात्र दिल्लीची वाट न पाहता करण्यासारखेही पुष्कळ आहे. उत्तर आणि दक्षिण गोव्यात जिल्हा खनिज प्रतिष्ठाने आहेत, म्हणजे खाणवाल्यांकडून येणारा पैसा खाणग्रस्तांसाठी सांभाळणाऱ्या संस्था. तो पैसा खाणग्रस्त भागात पिण्याच्या पाण्यासाठी आणि ठरावीक प्रमाणात रस्ते-पुलांसाठी वापरता येतो. खनिजाच्या ट्रकांनी आमचे रस्ते आणि साकव वर्षानुवर्षे दणाणून सोडले. त्या पैशावर पहिला हक्क याच गावांचा नाही काय?

दुसरे, देखभाल-दुरुस्तीसाठी अर्थसंकल्पात स्वतंत्र लेखाशीर्ष, म्हणजे खर्चाचे वेगळे खाते ठेवा आणि त्यातला पैसा मधेच हॉटमिक्स डांबरीकरणाकडे वळवता येणार नाही अशी अट घाला. डांबर घालायचे, दोन महिन्यांत जलवाहिनीसाठी तोच रस्ता फोडायचा, मग पुन्हा डांबर. यात जाणारा पैसा वाचला तरी कितीतरी साकव उभे राहतील. प्रत्येक पुलाची पावसाआधी आणि पावसानंतर तपासणी व्हावी. तपासणीची तारीख, अभियंत्याचे नाव आणि किती वजनाचे वाहन चालेल हे पंचायतीच्या फलकावर लागावे. लोकांना वाचू द्या.

सुरुवात डिचोली, सत्तरी, सांगे आणि धारबांदोडा तालुक्यांतून करा. निविदा नोव्हेंबरात निघाली तरच काम मेअखेर पुरे होते. मार्चमध्ये निघाली तर खोदलेला पाया जूनच्या पाण्यात जातो. म्हणून अंदाजपत्रके तयार असलेल्या साकवांची यादी यंदाच्या दिवाळीपूर्वी जाहीर करावी, एवढी विनंती.

आपला,
डिचोली तालुक्यातील एक रहिवासी