अपडेटचं बटण वापरणाऱ्याच्या हातात द्या

मा. माहिती-तंत्रज्ञान मंत्री यांस,
स.न.वि.वि.

सॉफ्टवेअर अपडेटच्या खिडक्यांसाठी थेट मंत्र्यांना पत्र कशाला, असं आपल्या कार्यालयात कुणीतरी म्हणेलच. कंपन्यांना वर्षानुवर्षं सांगून झालं, म्हणून.

तुम्ही काही टाइप करत असता. मध्येच खिडकी उघडते, कर्सर तिच्यात जातो आणि तुम्ही वाक्य संपवून दाबलेलं एंटर ‘आता रीस्टार्ट करा’ या बटणावर पडतं. शेजारचं दुसरं बटण असतं ‘नंतर आठवण करा’. ‘नको’ म्हणायची सोयच नसते. स्क्रीनवरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या ‘स्क्रीन रीडर’च्या आधारे काम करणाऱ्या अंध व्यक्तीला तर आपण कशाला होकार दिला हे होकार दिल्यावर कळतं. इतकं करून काय बदललं ते पाहावं, तर ‘काही दोष दुरुस्त केले, कामगिरी सुधारली’ ही ठरलेली ओळ. ती कोण लिहितं, मला खरंच कुतूहल आहे.

‘अपडेट’ म्हणून आपण चार वेगळ्या गोष्टी एकाच गाठोड्यात बांधतो. नवी आवृत्ती आली का हे सर्व्हरला विचारणं, ती डाउनलोड करणं, ती इन्स्टॉल करणं आणि या सगळ्याची सूचना देणं. पहिलीच्या वेळी तुमचा आयपी पत्ता आणि बहुतेकदा सॉफ्टवेअरची आवृत्ती कंपनीकडे जाते, दुसरीत डेटा खर्च होतो, तिसरीत काम थांबतं, चौथीत लक्ष विचलित होतं. या चारही गोष्टींना वेगळी संमती हवी. हे अवघड नाही. मॅकवरची असंख्य ॲप्स अपडेटसाठी ‘स्पार्कल’ नावाचा मुक्त स्रोत घटक वापरतात. ॲप दुसऱ्यांदा उघडलं की ‘अपडेट आपोआप तपासू का?’ असं तो सरळ विचारतो. नको म्हटलं तर स्वतःहून तपासत नाही. हवं तेव्हा मेन्यूतून आपण तपासायचं.

यावर पहिला आक्षेप सुरक्षेचा, आणि तो रास्त आहे. फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा वॉनाक्राय व्हायरस मे २०१७ मध्ये जगभर पसरला, पण तो विंडोजमधल्या ज्या फटीतून शिरत होता ती बुजवणारा पॅच, म्हणजे दुरुस्तीचा अपडेट, मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता. ज्यांनी तो टाकला नाही ते सापडले. म्हणून सुरक्षेचे अपडेट मुळात चालूच असावेत, याला माझी ना नाही. पण मग लोक ते बंद का करतात? कारण त्याच वाटेने नको असलेला माल येतो. २०१६ मध्ये विंडोज १० च्या अपग्रेडची खिडकी कोपऱ्यातल्या फुलीवर क्लिक करून बंद केली, तरी ठरलेलं अपग्रेड रद्द होत नव्हतं. ओरड झाल्यावर मायक्रोसॉफ्टने ती खिडकी बदलली. २०१८ मध्ये इटलीच्या स्पर्धा प्राधिकरणाने ॲपलला एक कोटी आणि सॅमसंगला ५० लाख युरो दंड ठोठावला, तो अपडेटमुळे फोन मंदावले आणि मूळ स्थितीत परत जायची सोय दिली नाही म्हणून. नव्या इमोजीसाठी आणि गंभीर दोषासाठी सारखीच लाल खूण दाखवली, की ‘लांडगा आला रे आला’ होतं. मग खरा लांडगा येतो त्या दिवशीही माणूस ‘नंतर’ दाबतो.

निवड काढून घेतली म्हणजे सुरक्षितता वाढते, असंही नाही. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीच्या अपडेटमधल्या एका सदोष फाइलने सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रं बंद पाडली. ज्या ग्राहकांनी मुद्दाम ‘एक आवृत्ती मागे राहू’ असं सेटिंग ठेवलं होतं तेही वाचले नाहीत, कारण अशा फाइलींना ते सेटिंग लागूच नव्हतं. या फाइली कधी घ्यायच्या यावर ग्राहकांना जास्त नियंत्रण देऊ, असं कंपनीने त्यानंतर जाहीर केलं. आधी दिलं असतं तर?

नियम कसा असावा याचा नमुना तयार आहे. युरोपीय संघाचा सायबर रेझिलियन्स कायदा डिसेंबर २०२४ मध्ये अमलात आला. त्यातली मुख्य बंधनं डिसेंबर २०२७ पासून लागू होतील. जिथे लागू असेल तिथे सुरक्षा अपडेट आपोआप चालू, पण ते बंद करायची स्पष्ट आणि सोपी सोय. अपडेट आल्याची सूचना, आणि ते काही काळ पुढे ढकलायची मुभा. शिवाय तांत्रिकदृष्ट्या शक्य असेल तिथे सुरक्षेचे अपडेट नव्या सुविधांपासून वेगळे द्यायचे. हा शेवटचा मुद्दा मला सर्वांत मोलाचा वाटतो. तो एकटा आणला तरी निम्मं भांडण मिटेल.

युरोपचा मसुदा जसाच्या तसा उचलू नका, त्यात दोन गोष्टींची भर घाला. एक, अपडेटच्या सूचनेतून जाहिरात करायला बंदी: सशुल्क योजना, नवं ॲप, ब्राउझर बदला, काहीही नाही. दोन, सुविधांच्या अपडेटला ‘ही आवृत्ती वगळा’ असं बटण, आणि एकदा वगळली की तिची आठवण पुन्हा नको. छोट्या, एकट्या डेव्हलपरवर याचा बोजा पडेल अशी ओरड होईल. बड्या कंपन्याच ती त्यांच्या नावाने करतील. छोटे लोक बहुधा तयार घटकच वापरतात, आणि त्यांत हे पर्याय पुष्कळदा आधीपासून असतात.

सरकारी कार्यालयांसाठी सॉफ्टवेअर खरेदी करताना या अटी निविदेत घालायला नवा कायदाही लागत नाही. सुरुवात तिथून करता येईल. तशा अटींचा मसुदा आपल्या खात्याने हरकतींसाठी खुला केला, तर त्यावर कलमवार लिहून पाठवायची माझी तयारी आहे.

कळावे,
आपला,
एक वापरकर्ता