यकृत देणाऱ्याला कापाबद्दल आधी सांगा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

इंदूरने २०१५ पासून ग्रीन कॉरिडॉर करून, म्हणजे रुग्णवाहिकेसाठी रस्ता मोकळा ठेवून, कितीतरी अवयव वेळेत पोहोचवले, याचा आम्हा इंदूरकरांना अभिमान आहे. तरीही मेंदूमृत दात्याचे यकृत प्रत्येकाच्या वाट्याला येत नाही. मग घरातलेच कुणीतरी उभे राहते. भारतात बहुतेक यकृत प्रत्यारोपणे अशीच होतात, आणि देणारी बहुधा बाई असते.

माझ्या भाचीने वडिलांना यकृताचा उजवा भाग दिला, म्हणजे साधारण ६० टक्के. भाऊजी आता राजवाड्यापर्यंत पायी जाऊन येतात. तिला मात्र बरगडीखालून मोठा काप आला. सर्जिकल वॉर्डात नोकरी केल्यामुळे असा काप काय असतो ते मी जाणते. खोकला आला की पोटाशी उशी दाबून धरायची, कुशीवर वळायलाही माणूस लागतो. तिचे मूल तेव्हा लहान होते, त्याला उचलायची मनाई. यकृत काही महिन्यांत बरेचसे भरून येते, पण कापलेले स्नायू तितक्या लवकर भरून येत नाहीत. कुणाला पुढे त्याच जागी हर्निया होतो. रुग्णालयात भाऊजींच्या ऑपरेशनबद्दल सविस्तर सांगितले. तिच्या पोटावर केवढा काप येईल आणि दुसरा काही मार्ग आहे का, यावर एक शब्दही नाही. याचे मला अजून वाईट वाटते.

मार्ग आहे. पॅरिसच्या शल्यविशारदांनी २००२ मध्ये लहान मुलांसाठी आईवडिलांच्या यकृताचा छोटा डावा भाग दुर्बिणीतून काढल्याचे प्रसिद्ध केले. पुढे सोलमध्ये उजवा भागही असाच काढू लागले, रियाधमध्ये रोबोटच्या साहाय्याने. आपल्या देशातल्या काही मोठ्या केंद्रांतही हे होते. चार-पाच छोट्या छिद्रांतून काम चालते आणि काढलेला भाग पिशवीत घालून ओटीपोटावरच्या, सिझेरियनसारख्या आडव्या कापातून बाहेर घेतात. वेदना कमी, माणूस लवकर उठतो.

सगळ्यांना हे जमेल असे मात्र नाही. पित्तनलिका किंवा रक्तवाहिन्यांची रचना वेगळी असली, तर उघडे ऑपरेशनच सुरक्षित. हात न बसलेल्या सर्जनने लहान काप देण्यापेक्षा, अनुभवी सर्जनने मोठा काप दिलेला मी शंभरदा पत्करेन. देणारा धडधाकट माणूस असतो, त्याच्या जिवाशी खेळ नको.

पण निवड त्याच्यापुढे ठेवा तरी! अवयव प्रत्यारोपणाच्या २०१४ च्या नियमांत दाता स्त्री असेल तर तिच्या स्वतंत्र संमतीची खात्री रुग्णाखेरीज दुसऱ्याने करावी, असे म्हटले आहे. अवयवदानाला मंजुरी देणाऱ्या प्राधिकार समितीने आणि रुग्णालयांनी संमती तपासण्याच्या बैठकीतच, नातेवाइकांना बाहेर बसवून, दात्याला मराठीत किंवा हिंदीत सांगावे: काप कुठे येईल, दुर्बिणीतून होईल का, नसेल तर का नाही, आणि या सर्जनने अशी किती ऑपरेशने केली आहेत. हे सगळे संमतिपत्रावर लिहून, त्याची एक प्रत दात्याच्या हाती द्यावी.

आपली,
एक निवृत्त परिचारिका,
लोकमान्य नगर, इंदूर