अकरा मतांनी बाहेर राहिलेले दोघे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या क्रीडा पुरवणीत बेसबॉलच्या हॉल ऑफ फेमवर, म्हणजे थोर खेळाडूंच्या सन्मान दालनावर, आलेला लेख वाचला. लेख उत्तेजकांच्या आरोपांमुळे बाहेर राहिलेले बॅरी बॉन्ड्स आणि रॉजर क्लेमेन्स यांच्यापाशी सुरू होऊन त्यांच्यापाशीच संपला. त्याचा दोष लेखकाला देता येत नाही, कारण अमेरिकेतही २०१३ पासून चर्चा याच दोघांभोवती फिरते आहे. मला बोलायचं आहे ते लू व्हिटेकर आणि केनी लॉफ्टन या दुसऱ्याच दोघांबद्दल. मात्र त्याआधी ‘मेजर लीगने (अमेरिकेतल्या अव्वल बेसबॉल लीगने) दोघांवर बंदी घातली’ हे बॉन्ड्स-क्लेमेन्सबद्दलचं लेखातलं विधान दुरुस्त करायला हवं. अशी बंदी कधीच नव्हती. न्यूयॉर्क राज्यातल्या कूपर्सटाउनचं हॉल ऑफ फेम ही लीगपेक्षा वेगळी, ना-नफा तत्त्वावरची संस्था आहे. बंदी होती ती जुगारापायी पीट रोज या खेळाडूवर, १९८९ पासून. त्याच्या मृत्यूनंतर, मे २०२५ मध्ये, तीही उठली. बॉन्ड्स आणि क्लेमेन्स रीतसर दहा-दहा वर्षं मतपत्रिकेवर होते. २०२२ च्या शेवटच्या फेरीत बॉन्ड्सला ६६ टक्के मतं पडली आणि क्लेमेन्सला ६५.२. लागतात ७५.

माझ्या मते बॉन्ड्स आणि क्लेमेन्स दोघेही आत हवेत. उत्तेजकांसाठी नाव घेऊन शिक्षा करणारी चाचणी लीगमध्ये २००५ साली आली. चाचणीत सापडून निलंबित झालेला मॅनी रामिरेझ, किंवा २०१४ चा अख्खा हंगाम बाहेर बसवलेला ॲलेक्स रॉड्रिग्ज, यांच्या आणि कधीच निलंबित न झालेल्या या दोघांच्या प्रकरणात फरक आहे. शिवाय त्या सगळ्या काळात लीगचे आयुक्त असलेले बड सेलिग २०१७ मध्ये सन्मानाने आत गेले आहेतच. पण हे इथेच सोडतो. या दोघांची बाजू मांडायला माणसं कमी नाहीत. लू व्हिटेकर आणि केनी लॉफ्टन यांच्या बाजूने मात्र फारसं कुणी बोलत नाही.

हे दोघे कसे गळले ते समजायला मतदानाची रीत बघावी लागते. किमान दहा हंगाम खेळलेल्या खेळाडूचं नाव निवृत्तीला पाच वर्षं झाली की छाननीतून मतपत्रिकेवर येतं. बेसबॉल लेखक संघटनेत दहा वर्षं काढलेले पत्रकार मतं देतात. एका मतपत्रिकेवर जास्तीत जास्त दहा खुणा करता येतात. कोरी मतपत्रिकाही एकूण संख्येत धरली जाते. २०२१ मध्ये ४०१ पैकी १४ कोऱ्या आल्या आणि त्या वर्षी कुणीच निवडून आलं नाही. पहिल्या क्रमांकावरच्या कर्ट शिलिंगला २८५ मतं होती, लागत होती ३०१. कोऱ्या वगळल्या असत्या तरी २९१ लागली असती, म्हणजे त्याचं नशीब काही बदललं नसतं. कोऱ्या मतपत्रिकांवर जितकी आरडाओरड होते तितका त्यांचा परिणाम होत नाही. खरा घात करते ती पाच टक्क्यांची अट. कुठल्याही वर्षी, अगदी पहिल्याही, पाच टक्क्यांहून कमी मतं पडली की त्या मतपत्रिकेवरून नाव कायमचं जातं.

२००१ मध्ये ५१५ मतपत्रिका आल्या. टिकून राहायला २६ मतं पुरेशी होती. व्हिटेकरला १५ मिळाली. २०१३ मध्ये ५६९ आल्या, २९ मतं हवी होती आणि लॉफ्टनला १८ मिळाली. बारा वर्षांच्या अंतराने दोघेही अकरा-अकरा मतांनी गेले.

व्हिटेकर हा डेट्रॉइट टायगर्सचा सेकंड बेसमन. १९७७ ते १९९५ एकाच संघात. शॉर्टस्टॉप ॲलन ट्रॅमेल आणि तो एकाच दिवशी मेजर लीगमध्ये उतरले आणि पुढे तब्बल १,९१८ सामने शेजारी-शेजारी खेळले. ट्रॅमेल २०१८ मध्ये, पत्रकारांच्या मतदानातून नव्हे तर हॉलच्या वेगळ्या निवड समितीमार्फत, आत गेला. जोडीतला एक आत आणि दुसरा बाहेर, हे डेट्रॉइटकरांना आजही पटलेलं नाही. व्हिटेकरच्या नावावर २,३६९ हिट्स (फटका मारून गाठलेले बेस), २४४ होमरन आणि १,१९७ वॉक आहेत. यातला शेवटचा आकडा त्या काळच्या मतदारांनी बघितलाच नाही. चार बॉल सोडून फलंदाज फुकटात पहिल्या बेसवर जातो त्याला वॉक म्हणतात, आणि फलंदाजीची सरासरी काढताना तो धरला जात नाही. त्यामुळे त्याची ०.२७६ ही सरासरी साधारण दिसते. बेसवर पोहोचण्याचं प्रमाण मात्र ०.३६३ आहे, आणि सेकंड बेससारख्या क्षेत्ररक्षणाच्या अवघड जागेवर खेळणाऱ्याकडून एवढं मिळणं ही मोठी गोष्ट. अडचण अशी की कुठल्याही यादीत तो पहिला नव्हता, सर्वोत्तम खेळाडूच्या मतदानात आठव्याच्या वर कधी गेला नाही आणि ३,००० हिट्सही नाहीत. सगळंच चांगलं आणि ठळक काहीच नाही, अशा खेळाडूचं मत मागायला एका वाक्याची जाहिरात सापडत नाही.

त्याच २००१ मध्ये कर्बी पकेट पहिल्याच फेरीत ८२ टक्क्यांनी निवडून आला आणि डॉन मॅटिंग्लीला २८ टक्के पडले. आज सर्रास वापरल्या जाणाऱ्या ‘वॉर’ या मापाने बघू. सहज मिळू शकणाऱ्या बदली खेळाडूच्या तुलनेत या माणसाने संघाला किती जादा विजय मिळवून दिले, याचा तो अंदाज. बेसबॉल-रेफरन्स या आकडेवारीच्या संकेतस्थळाच्या हिशोबात पकेट ५१, मॅटिंग्ली ४२ आणि व्हिटेकर ७५.

हे माप म्हणजे ब्रह्मवाक्य नव्हे, हेही सांगायला हवं. कुठला चेंडू नेमका कुठे पडला याची बारीक नोंद २००० नंतरची. त्याआधीचं क्षेत्ररक्षण जुन्या स्कोअरशीटवरून मागाहून जुळवलेलं आहे आणि मोठ्या चुका तिथेच होतात. फॅनग्राफ्स या दुसऱ्या संकेतस्थळाचं गणित वेगळं असल्याने तिथे व्हिटेकर ६८ वर येतो आणि लॉफ्टन ६८ वरून ६२ वर. पण सहा-सात अंक कापले तरी दोघे पकेटच्या बरेच वर राहतात. कारकिर्दीचा एकूण वॉर आणि सर्वोत्तम सात हंगामांचा वॉर यांची सरासरी काढायची ‘जॉझ’ नावाची रीत आहे. तिच्यावर व्हिटेकर साडेछप्पनच्या आसपास येतो, आणि हॉलमधल्या सेकंड बेसमनची सरासरी ५७ आहे. त्याचे सात शिखर हंगाम थोडे उणे पडतात, सातत्य ती कसर भरून काढतं.

मतदार बदलले आहेत याचा पुरावा हवा असेल तर चेस अटली हा दुसरा सेकंड बेसमन बघावा. त्याचा जॉझ व्हिटेकरइतकाच, हिट्स अवघ्या १,८८५, सर्वोत्तम खेळाडूचा किताब त्यालाही नाही. २०२४ मध्ये पहिल्याच फेरीत त्याला २८.८ टक्के पडले. व्हिटेकरला पडले होते २.९.

लॉफ्टनचं प्रकरण थोडं निराळं. सेंटर फील्डला चार गोल्ड ग्लव्ह (क्षेत्ररक्षणाचे पुरस्कार), ६२२ चोरलेले बेस (फटक्याविना धावून गाठलेले), १९९२ ते १९९६ सलग पाच वर्षं अमेरिकन लीगमध्ये चोरीत पहिला, बेसवर पोहोचण्याचं प्रमाण ०.३७२. पण तो अकरा संघांतून खेळला आणि २००२ नंतर दरवर्षी टोपी बदलत राहिला, त्यामुळे त्याला आपला म्हणणारं शहर क्लीव्हलंडखेरीज उरलं नाही. त्यात २०१३ ची मतपत्रिका. बॉन्ड्स, क्लेमेन्स, सॅमी सोसा, माइक पियाझा, क्रेग बिजिओ आणि शिलिंग हे सगळे त्याच वर्षी पहिल्यांदा आले. दहा नावांच्या मर्यादेमुळे लॉफ्टनला जागा उरली नाही, असं त्याचे चाहते म्हणतात. ते मला पूर्ण पटत नाही. त्या वर्षी एका मतपत्रिकेवर सरासरी सात खुणाही नव्हत्या, म्हणजे जागा होती. नव्हतं ते लक्ष. मतदारांचा सगळा हिवाळा उत्तेजकांवर स्तंभ लिहिण्यात गेला.

म्हणूनच मर्यादा दहाची बारा करण्याच्या लेखक संघटनेच्या सूचनेपेक्षा (हॉलच्या संचालकांनी तीही मान्य केली नाही) पाच टक्क्यांची अट पहिल्या दोन वर्षांसाठी काढणं जास्त उपयोगाचं ठरेल. अँड्रू जोन्सला २०१८ मध्ये ४२२ पैकी ३१ मतं होती. टिकायला २२ लागत होती, तेवढ्यावर तो तगला आणि २०२६ मध्ये निवडून आला. स्कॉट रोलेन १०.२ टक्क्यांवरून २०२३ मध्ये ७६.३ वर गेला, लॅरी वॉकर दहाव्या आणि अखेरच्या वर्षी पार झाला. मतं मागाहून बदलतात, पण नाव मतपत्रिकेवर उरलं तरच. उलट हॅरॉल्ड बेन्स चार वर्षं पाच-सहा टक्क्यांवर रेंगाळला, त्यापुढे कधी गेला नाही, आणि पुढे सोळा जणांच्या समितीने बरोबर बारा मतांनी त्याला आत घेतलं. त्या समितीत त्याचे जुने व्यवस्थापक आणि जुने संघमालक दोघेही होते. बेन्सचा वॉर ३९ च्याही खाली आहे.

गळलेल्यांना आता तशीच एक समिती उरते. १९८० नंतर गाजलेल्या खेळाडूंसाठी ती तीन वर्षांतून एकदा बसते. यादीत आठ नावं, सदस्य सोळा, प्रत्येकाला जास्तीत जास्त तीन मतं, निवडीला बारा. म्हणजे फार तर ४८ मतं वाटायला असतात. डिसेंबर २०२५ मध्ये जेफ केंटला १४, कार्लोस डेल्गाडोला ९, मॅटिंग्ली आणि डेल मर्फी यांना प्रत्येकी ६ पडली. झाली ३५. बॉन्ड्स, क्लेमेन्स, गॅरी शेफील्ड आणि फर्नांडो व्हॅलेन्झुएला या चौघांना मिळून तेरापेक्षा जास्त मिळणं शक्यच नव्हतं. यातला डेल्गाडोही २०१५ मध्ये पाच टक्क्यांखाली गळलेला होता, म्हणजे तसं नाव परत आणता येतं. व्हिटेकर आणि लॉफ्टन यांना त्या आठांत जागाच मिळाली नाही.

आपल्या लेखात न आलेला मुद्दा इथे आहे. नव्या नियमाप्रमाणे पाचपेक्षा कमी मतं पडलेल्यांना पुढच्या बैठकीत घेता येत नाही, आणि पुन्हा तसंच झालं तर दार कायमचं बंद. त्यामुळे डिसेंबर २०२८ च्या यादीत बॉन्ड्स, क्लेमेन्स, शेफील्ड आणि व्हॅलेन्झुएला नसतील. चार जागा मोकळ्या होतील आणि सदस्यांची मतं उत्तेजकांच्या वादात अडकणार नाहीत. व्हिटेकर तेव्हा ७१ वर्षांचा असेल. डेव्ह पार्कर निवडून आला, पण २०२५ च्या जुलैतल्या सोहळ्याच्या महिनाभर आधी गेला. डिक ॲलन दोनदा एकेका मताने हुकला आणि मृत्यूनंतर चार वर्षांनी निवडला गेला.

आठ नावं ठरवणारी इतिहासकारांची छाननी समिती २०२८ च्या शरद ऋतूत यादी जाहीर करेल. क्रीडा पत्रकारांनी आपला जोर त्याआधी, या समितीवर लावावा. त्या यादीत हे दोघे नसले तर पुढची पाळी थेट डिसेंबर २०३१ ची, आणि तोवर बॉन्ड्स आणि क्लेमेन्स पुन्हा पात्र झालेले असतील.

आपला,
एक वाचक